१२ लिटरची म्हैस तोट्यात आणि ८ लिटरची फायद्यात, असं कसं होतं?

सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात जा, नाहीतर तुमच्या तालुक्याच्या आठवडी बाजारात. म्हैस घ्यायला आलेला माणूस तिच्याभोवती एक चक्कर मारतो. शिंगं बघतो, कास बघतो, सड दाबून बघतो, दात मोजतो आणि मग पहिला प्रश्न टाकतो, "किती लिटरची आहे?" व्यापारी आकडा सांगतो, रुमालाखाली बोटं दाबली जातात आणि सौदा होतो. हिची मागची दोन वेतं किती महिन्यांच्या अंतरानं झाली, हे विचारणारा माणूस बाजारात क्वचितच भेटेल.

दोन-चार म्हशींवर घर चालवणाऱ्या शेतकऱ्याचा पैसा मात्र बहुतेक वेळा याच न विचारलेल्या प्रश्नात बुडतो.

आधी हिशोब करू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, पण गोठ्यात सहज दिसतात असेच आहेत.

पहिली म्हैस १२ लिटरची. म्हणजे व्याल्यानंतर महिना-दीड महिन्यानं ती दिवसाला १२ लिटरपर्यंत जाते, मग हळूहळू उतरते. ३०५ दिवसांत तिनं २,००० लिटर दूध दिलं. पण पुन्हा गाभण राहायला वेळ लागला आणि पुढचं वेत १९ महिन्यांनी झालं. १९ महिने म्हणजे साधारण ५७८ दिवस.

दुसरी म्हैस ८-९ लिटरची. तिनं २७० दिवसांत १,६०० लिटर दिलं, पण साडेतेरा महिन्यांनी, म्हणजे ४११ दिवसांनी ती पुन्हा व्याली.

आता दूध फक्त दुधाच्या दिवसांवर न वाटता, ती गोठ्यात बांधलेल्या सगळ्या दिवसांवर वाटा. पहिलीचं येतं रोजचं ३.४६ लिटर. दुसरीचं ३.८९ लिटर. वर्षाला जवळपास १५८ लिटरचा फरक, आणि तोही 'कमी दुधाच्या' म्हशीच्या बाजूनं. लिटरला ५० रुपये धरले तरी ७,९०० रुपये झाले. शिवाय एका वेतामागे पहिली म्हैस २७३ दिवस भाकड राहते, दुसरी १४१ दिवस. भाकड जनावराला दूध देणाऱ्याइतकी पेंड लागत नाही हे खरं, पण वैरण, पाणी, शेण काढणं चुकत नाही. त्यावर दिवसाला १५० रुपये धरा. पहिलीचे भाकड दिवस ४०,९५० रुपयांना पडतात, दुसरीचे २१,१५० रुपयांना. आणि बाजारात १२ लिटरच्या म्हशीला जास्त पैसे मोजले होते, ते वेगळेच.

हा तोटा डोळ्यांना का दिसत नाही? कारण डेअरीचं बिल दहा दिवसांनी येतं आणि त्यावर लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर एवढंच छापलेलं असतं. भाकड म्हशीचं बिलच येत नाही. त्यामुळे ज्या दिवसांत पैसा जातो, त्या दिवसांचा कागदच तयार होत नाही.

म्हशीचं दूध खरंच १६ टक्क्यांनी घटलं का?

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं २०२३-२४ ची पशुसंवर्धनाची आकडेवारी जाहीर केली. देशाचं एकूण दूध २३ कोटी ९३ लाख टनांवर गेलं, आदल्या वर्षीपेक्षा ३.७८ टक्क्यांनी जास्त. बातम्या याच आकड्यावर झाल्या. पण त्याच निवेदनात आणखी एक ओळ होती. संकरित आणि विदेशी गायींचं दूध ८ टक्क्यांनी वाढलं, देशी आणि गावठी गायींचं तब्बल ४४.७६ टक्क्यांनी वाढलं आणि म्हशींचं १६ टक्क्यांनी घटलं.

आता हा आकडा जसाच्या तसा गोठ्यात नेऊन बसवू नका. पारडी मोठी होऊन दूध द्यायला तीन-चार वर्षं घेते, त्यामुळे एका वर्षात एवढा फरक जनावरांच्या अंगात घडत नाही. हे आकडे नमुना पाहणीतून येतात. काही गावांतल्या काही घरांत दूध मोजलं जातं आणि त्यावरून सगळ्या राज्याचा अंदाज बांधला जातो. देशी गाईंचा आकडा एका वर्षात ४४ टक्क्यांनी उडी मारतो, तेव्हा त्यात मोजणीच्या पद्धतीचा वाटा मोठा असणार, हे उघड आहे.

पण या मोजणीचं सूत्र लक्षात घेण्यासारखं आहे. दुधात असलेल्या जनावरांची संख्या गुणिले एका जनावराचं रोजचं सरासरी दूध. म्हणजे सरकारी हिशोबातही दूध दोन गोष्टींवर ठरतं: म्हैस किती देते, आणि आज किती म्हशी दुधात आहेत. आपली सगळी चर्चा पहिल्या गोष्टीवर होते. जास्त दुधाची जात आणा, हरियाणातून मुऱ्हा आणा, चांगली पेंड घाला. दुसऱ्या गोष्टीवर, म्हणजे दहा म्हशींपैकी चार भाकड का उभ्या आहेत यावर, कुणी फार बोलत नाही.

हा प्रश्न छोटा नाही. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात १० कोटी ९८ लाख म्हशी होत्या आणि १९ कोटींहून जास्त गायी-बैल. महाराष्ट्रात म्हशी होत्या ५६ लाखांच्या आसपास, आणि ही संख्या २०१२ पासून जवळजवळ हललेली नव्हती. १६ टक्के घट दाखवणाऱ्या त्या आकडेवारीच्या आधीची कित्येक वर्षं देशातलं जवळपास निम्मं दूध म्हशींचं होतं. आपल्या चहातलं, खव्यातलं, चक्क्यातलं आणि मिठाईच्या दुकानातलं दूध बऱ्याच अंशी तिचंच.

म्हैस पुन्हा गाभण राहायला उशीर का लावते?

म्हशीची गाभण राहण्याची मुदत साधारण ३१० दिवस. गायीपेक्षा जवळपास महिनाभर जास्त. दर १३-१४ महिन्यांनी तिनं व्यावं असं वाटत असेल, तर व्याल्यापासून १०० ते १२० दिवसांच्या आत ती पुन्हा गाभण राहिली पाहिजे. त्यातले पहिले दीड-दोन महिने गर्भाशय पूर्ववत होण्यात जातात. उरतात दोन महिने. माज दर २१ दिवसांनी येतो. म्हणजे हातात संधी किती? दोन, फार तर तीन.

आणि या दोन-तीन संधी म्हैस गुपचूप घेऊन येते.

गाय माजावर आली की गोंधळ घालते. दुसऱ्या गायींवर उडते, हंबरते, दावं तोडायला बघते. म्हैस असं फारसं करत नाही. थोडी अस्वस्थ होते, वारंवार लघवी करते, निरण सुजते, काचेसारखा पारदर्शक सोट लोंबतो, त्या वेळी दूध थोडं चोरते. हीही लक्षणं बऱ्याचदा रात्री किंवा पहाटे दिसतात. दिवस उजाडेपर्यंत सोट शेणात मिसळून गेलेला असतो. यालाच आपल्याकडे मुका माज म्हणतात. उन्हाळ्यात तो आणखी मुका होतो.

त्यात म्हैस हंगामी. दिवस लहान व्हायला लागले की तिची प्रजननाची यंत्रणा जोर धरते. आश्विनापासून माघापर्यंत माज चांगला येतो आणि दिसतो. चैत्र-वैशाखात तिचं अंग तापतं. काळी कातडी ऊन शोषून घेते, घामाच्या ग्रंथी कमी असतात, म्हणून तर तिला डुंबायला लागतं. पूर्वी गावात ओढा होता, तळं होतं, दुपारी पोरं म्हशी पाण्यात घालायची. आता ओढा मार्चमध्येच आटतो आणि म्हैस पत्र्याच्या शेडखाली उभी असते. पत्र्याखालच्या त्या उकाड्यात माज दिसेल कुठून?

या हंगामी स्वभावाचा हिशोब फार क्रूर आहे. समजा, म्हैस १ ऑक्टोबरला व्याली. जानेवारी संपता संपता ती गाभण राहिली, तर पुढचं वेत डिसेंबरच्या सुरुवातीला. अंतर १४ महिने. पण जानेवारीतला माज दिसला नाही. फेब्रुवारीतला दिसला, पण डॉक्टर आले नाहीत. मार्चमध्ये ऊन लागलं आणि म्हैस गप्प झाली. आता ती बोलणार पुढच्या ऑक्टोबरला. तेव्हा गाभण राहिली तर वेत होणार त्याच्या पुढच्या ऑगस्टमध्ये. अंतर २२ महिने! चुकले दोन माज, म्हणजे दीड महिना, आणि दंड बसला आठ महिन्यांचा.

दूध संघांच्या भाषेत पावसाळ्यापासून थंडीपर्यंतचा काळ पुष्टकाळ आणि उन्हाळा म्हणजे कृशकाळ. ताक, दही, आइस्क्रीमला मागणी वाढते नेमकी तेव्हाच म्हशीचं दूध आटलेलं असतं. त्याचं मूळ इथं आहे.

'उलटली नाही म्हणजे गाभण', हा महागडा समज

कृत्रिम रेतन केलं किंवा रेडा दाखवून आणला, की शेतकरी २१ दिवस मोजतो. म्हैस पुन्हा माजावर आली तर ती 'उलटली'. नाही आली तर समजायचं गाभण आहे. गायीच्या बाबतीत हा ठोकताळा बऱ्यापैकी चालतो, कारण गाय उलटली तर ती सांगते. म्हशीच्या बाबतीत तो फसवा आहे. ती उलटलेली असू शकते आणि तुम्हाला दिसलेलंच नसतं.

मग पाच-सहा महिने गाभण समजून म्हशीला जपलं जातं. दूध आटवलं जातं. आणि एक दिवस कुणीतरी म्हणतं, "पोट कसं वाढेना?" डॉक्टर हात घालून बघतात तर म्हैस रिकामी.

यावरचा उपाय इतका साधा आहे की तो बातमी होत नाही. रेतनानंतर ६० ते ९० दिवसांत गर्भतपासणी करून घ्यायची. अनुभवी डॉक्टर हातानं तपासून सांगतात, यंत्र लागत नाही. रिकामी निघाली तर दोन महिने गेले, सहा नाहीत. पण कुठल्याही गावात जाऊन विचारा. रेतन केलेल्या किती म्हशींची तपासणी झाली? रेतनाची नोंद सगळीकडे असते, कारण सरकारी उद्दिष्ट रेतनाचं असतं. तपासणीला उद्दिष्टात तेवढं वजन मिळत नाही.

म्हशींमध्ये कृत्रिम रेतनाचं यश शेतकऱ्यांच्या गोठ्यात साधारण तीनात एक असं धरलं जातं. म्हणजे चांगलं काम झालं तरी तीनपैकी दोन म्हशी पहिल्या खेपेला राहत नाहीत. अशा वेळी दुसरी-तिसरी खेप वेळेवर होणं, यावरच सगळं अवलंबून असतं.

माज कुणाला दिसतो आणि फोन कुणाकडे असतो?

रेतनाचा नियम सोपा आहे. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. वेळ चुकली तर उत्तम वळूची रेतमात्राही वाया.

आता हा नियम घरात कसा चालतो ते बघा. पहाटे धार काढते घरातली बाई. शेण काढते ती. म्हशीनं आज आंबोण का टाकलं, दूध का चोरलं, सोट दिसला का, हे सगळ्यात आधी कळतं तिला. पण दूध संस्थेचं सभासदत्व बहुतेक ठिकाणी घरातल्या पुरुषाच्या नावावर, डॉक्टरांचा नंबर त्याच्या फोनमध्ये आणि प्रशिक्षणाला गेलेला तोच. तो कामावर गेलेला असतो, संध्याकाळी येतो, मग फोन होतो, मग डॉक्टर म्हणतात उद्या येतो. उद्या म्हणजे कधी, तर त्यांच्या दुसऱ्या दहा गावांतून मोकळे झाल्यावर. उशीर कुणी मुद्दाम केलेला नसतो. तरी २१ दिवस गेलेले असतात.

सप्टेंबर २०१९ पासून देशभर राबवलेल्या कृत्रिम रेतन कार्यक्रमात रेतन शेतकऱ्याच्या दारात आणि मोफत देण्यात आलं. कानात १२ अंकी बिल्ला आणि त्यावर नोंद. कल्पना चांगलीच आहे. महाराष्ट्राला तर घरपोच रेतन नवं नाही. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला स्थापन केलेल्या बाएफनं तेच काम गावोगावी पोचवलं. पण त्या कामाचा भर आधी गायीवर राहिला. जर्सी आणि होल्स्टीनच्या संकरानं गायीचं दूध दुप्पट-तिप्पट झालेलं डोळ्यांना दिसत होतं. म्हशीत असा विदेशी संकर नाहीच. तिथं सुधारणा म्हणजे चांगल्या रेड्याची निवड आणि वेळेवर वेत. काम कंटाळवाणं, आणि फळ यायला वर्षं लागतात.

वाढे, पेंड आणि रिकामी कास

कोल्हापूर-सांगलीकडं ऊसतोड सुरू झाली की गोठ्यात वाढे येतात. फुकट किंवा जवळपास फुकट. महिनोन्महिने म्हैस त्यावरच. वाढ्यांत ऑक्झलेट भरपूर असतं आणि ते शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. मराठवाड्यात परिस्थिती वेगळी, तिथं कोरडा कडबा आणि सोयाबीनचं भुसकट. पोट भरतं, पण हिरवा चारा नाही आणि खनिजं नाहीत. दोन्हीकडं परिणाम एकच, माज लांबतो.

व्याल्यानंतरचे दोन-तीन महिने दूध चढतं आणि तेवढं खाणं पोटात जात नाही, म्हणून म्हैस अंगावरची चरबी जाळून दूध देते. या काळात तिचं शरीर गर्भाचा विचार पुढे ढकलतं. म्हणूनच जास्त दुधाची म्हैस साधारण खाण्यावर ठेवली की ती दूध देते आणि भाकड राहते. १२ लिटरच्या म्हशीला १२ लिटरचं खाणं लागतं. ८ लिटरच्या गोठ्यात तिला आणलं तर ती पहिल्या वेताला मालकाची हौस फेडते, आणि मग वसूल करते.

यात खनिज मिश्रण हा स्वस्तातला उपाय आहे. तरी तो सगळ्यात आधी बंद होतो, कारण त्याचा परिणाम संध्याकाळच्या चरवीत दिसत नाही.

मुऱ्हा हवी की पंढरपुरी?

या प्रश्नावर चावडीवर भांडणं होतात. मुऱ्हा ही रोहतक, जिंद, हिसार भागातली म्हैस. देशातली सगळ्यात नावाजलेली. चांगलं खाणं, पाणी, सावली दिली तर ती दूध देते यात शंका नाही. पंढरपुरी आपल्या सोलापूर, सांगली, कोल्हापूरची. पाठीपर्यंत गेलेली लांब शिंगं, लहान अंग, दूध मुऱ्ह्यापेक्षा कमी. पण उन्हात टिकते, वाळल्या वैरणीवर निभावते आणि नेमानं गाभण राहते. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर गवळी म्हैस घेऊन येतात आणि समोर धार काढून फेसाळ दूध देतात. ती म्हैस ही. दिवसातून बऱ्याच वेळा, थोडी थोडी धार देणारी. विदर्भाची नागपुरी आणि पूर्णाथडी, मराठवाड्याची मराठवाडी, यांचंही तसंच: दूध बेताचं, पण तिथल्या उन्हाशी जुळवून घेतलेलं अंग.

माझं मत विचाराल तर ज्याच्याकडे बारमाही हिरवा चारा, पाणी आणि वेळेवर येणारा डॉक्टर आहे, त्यानं मुऱ्हा जरूर घ्यावी. ज्याच्याकडे यातलं एकही नाही, त्यानं कर्ज काढून परराज्यातून म्हैस आणणं म्हणजे वर दिलेल्या हिशोबातली पहिली म्हैस विकत घेणं आहे. अनुदानाच्या योजना मात्र बहुतेकदा लिटरच मोजतात.

परराज्यातून म्हैस आणण्याची दुसरी बाजू मुंबईला ठाऊक आहे. १९४९ मध्ये आरे वसाहत झाली ती शहरातले तबेले बाहेर काढायला. तबेल्याचं गणित असं की ताजी व्यालेली म्हैस आणायची, दूध घ्यायचं, आटली की विकून टाकायची. शहरात भाकड म्हैस पोसणं परवडत नाही. या गणितात सगळ्यात आधी मरतं ते पारडू, आणि उत्तम दुधाच्या म्हशीचा वंश तिथंच संपतो.

गावातही पारडाचे हाल काही कमी नाहीत. रेडकू असेल तर विचारूच नका. पण पारडीलाही दूध बेतानंच मिळतं, कारण प्रत्येक लिटर डेअरीला जायचं असतं. जंत होतात, हगवण लागते. वाचली तर वाढ खुंटते. नीट पोसलेली पारडी तीन वर्षांच्या आसपास पहिल्यांदा विते. आपल्याकडे चार वर्षं सहज लागतात. हे वरचं वर्ष म्हणजे आणखी एक भाकड काळ, फक्त त्याला कुणी भाकड म्हणत नाही.

वाशीममधली घोषणा आणि महाग रेतमात्रा

५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधान वाशीमला आले होते. त्या कार्यक्रमात लिंगवर्गीकृत रेतमात्रेचं देशी तंत्रज्ञान आणि गायीसाठी 'गौचिप', म्हशीसाठी 'महिषचिप' या जनुकीय चाचण्या जाहीर झाल्या. लिंगवर्गीकृत रेतमात्रा म्हणजे जिच्यातून जन्मणाऱ्या दहातली सुमारे नऊ वासरं-पारडं मादी असतात. देशी तंत्रामुळे एका मात्रेमागे सुमारे २०० रुपये वाचतील, असं सरकारनं सांगितलं. महिषचिपचा उपयोग असा की रेडा मोठा होऊन त्याच्या मुली दूध देईपर्यंत थांबायचं नाही, लहानपणीच रक्तावरून त्याचा अंदाज घ्यायचा.

दोन्ही गोष्टी कामाच्या आहेत. रेडकं जन्मालाच येणार नसतील, तर ती उपाशी मरायचीही नाहीत. पण वर्गीकृत मात्रेत शुक्राणूंची संख्या साध्या मात्रेपेक्षा बरीच कमी असते आणि गाभण राहण्याचं प्रमाणही थोडं खाली येतं. म्हणजे माज ओळखण्यात आणि वेळ साधण्यात चूक करायला जागा आणखी कमी. जिथं साधी मात्रा तीनात एकदा लागू पडते, तिथं महागडी मात्रा चुकीच्या वेळी भरली तर वाया जाणारा पैसा वाढतो, एवढंच.

दुधाच्या आंदोलनात म्हैस का नव्हती?

२०२४ मध्ये राज्यात दुधाचा दर पेटला. सरकारनं आधी ५ रुपये, मग ७ रुपये लिटर अनुदान दिलं. ते गायीच्या दुधाला. कारणही होतं. गायीच्या दुधाची भुकटी पडून होती आणि दर कोसळले होते. म्हशीच्या दुधाला ६ फॅट, ९ एसएनएफला गायीपेक्षा बराच जास्त दर मिळत होता, त्यामुळे तिचं रडगाणं कुणाच्या कानावर आलं नाही. आणि २०२२ च्या लम्पीत गायींचं मोठं नुकसान झालं, म्हशी बऱ्याच अंशी वाचल्या. 'म्हैस बरी', अशी भावना गावागावांत वाढली ती इथून.

तिचं आणखी एक कारण आहे, ज्यावर उघड बोललं जात नाही. ते म्हणजे भाकड जनावराचा बाजार. २०१५ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीला ती लागू नाही, पण सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. त्यामुळे सात-आठ वेतं झालेली किंवा काही केल्या गाभण न राहणारी म्हैस विकून शेतकरी चार पैसे उभे करतो आणि त्यात भर घालून नवी आणतो. छोट्या गोठ्याचं चक्र असंच फिरतं.

२०२५ च्या पावसाळ्यात हे चक्र अडकलं. गोरक्षकांकडून होणारी अडवणूक आणि मारहाण याला कंटाळून कुरेशी समाजाच्या व्यापाऱ्यांनी राज्यात जनावरांची खरेदी बंद ठेवली. बंदी नसलेल्या म्हशींच्या गाड्याही अडवल्या जातात, ही त्यांची तक्रार होती. बाजार ओस पडले आणि शेतकरी भाकड म्हशी घेऊन परत आले. प्रश्न सरकारपर्यंत गेला, बैठका झाल्या. त्या काळात अनेकांना पहिल्यांदा कळलं, की भाकड म्हशीलाही किंमत असते आणि ती बाजारातल्या गिऱ्हाइकावर ठरते.

म्हैस विकण्याचा रस्ता अरुंद होत जाईल, तसा तिला वेळेवर गाभण ठेवण्याचा रस्ता महत्त्वाचा होत जाईल. त्यासाठी लागणाऱ्या गोष्टींपैकी महिषचिप ही एकच गोष्ट प्रयोगशाळेतून येणार आहे. बाकीच्या गोठ्यातल्याच आहेत. रात्री झोपण्याआधी आणि पहाटे उठल्यावर म्हशीच्या मागे एक नजर. धार काढणारीच्या हातात डॉक्टरांचा नंबर. उन्हाळ्यात पत्र्यावर पाचट आणि अंगावर दोन वेळा पाणी. वाढ्यांबरोबर खनिज मिश्रण. दूध संस्थेनं दिलेल्या कॅलेंडरवर व्याल्याची, माजाची, रेतनाची तारीख, आणि रेतनाच्या तारखेपुढे ६० दिवस मोजून 'तपासणी' असं लिहिलेलं. पुढच्या वेळी म्हैस घ्यायला बाजारात जाल तेव्हा व्यापाऱ्याला मागच्या दोन वेतांच्या तारखा विचारून बघा. तो गडबडेल. मग कानातल्या बिल्ल्याचा नंबर घ्या आणि गावातल्या डॉक्टरांना त्यावर काही नोंद सापडते का, ते विचारा.